रात्रीचा रक्तदाब आणि रुग्णालयातील ज्येष्ठ रुग्ण

रुग्णालयाच्या कक्षात मध्यरात्र उलटली की परिचारिका रक्तदाबाचे यंत्र घेऊन एकेका खाटेपाशी येते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजोबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला जातो, तो आवळताच त्यांची झोप मोडते आणि तक्त्यावर १७०/८० असा आकडा चढतो. दिवसा हाच आकडा १३५ च्या आसपास होता. उशाशी बसलेला मुलगा घाबरतो. सकाळच्या फेरीत डॉक्टर तो आकडा पाहतात. कधी गोळी वाढते, कधी वाढत नाही. या एका आकड्याचा अर्थ काय लावावा, हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा सोपा नाही. दुर्लक्ष केले तर हृदय, मेंदू आणि मूत्रपिंड यांना इजा पोहोचू शकते आणि घाईने उपचार केले तर तेच आजोबा घरी गेल्यावर पहाटे न्हाणीघराच्या दाराशी कोसळू शकतात.

निरोगी माणसाचा रक्तदाब दिवसरात्र एकसारखा नसतो. झोप लागली की शरीराला सतत सज्ज ठेवणाऱ्या अनुकंपी मज्जासंस्थेचा जोर ओसरतो, नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब खाली येतो. पहाटे जाग येण्याच्या सुमारास तो पुन्हा चढू लागतो. जागेपणीच्या सरासरीच्या तुलनेत झोपेतील सरासरी १० ते २० टक्क्यांनी उतरणे, हे स्वाभाविक मानले जाते. दिवसाची सरासरी १४० आणि रात्रीची १२२ असेल तर उतार सुमारे १३ टक्के होतो. अशा व्यक्तीला वैद्यकीय परिभाषेत ‘डिपर’ म्हणतात. उतार १० टक्क्यांहून कमी असेल तर ‘नॉन-डिपर’, दाब उतरण्याऐवजी चढला तर ‘रिव्हर्स डिपर’ किंवा ‘रायझर’ आणि २० टक्क्यांहून अधिक घसरला तर ‘एक्स्ट्रीम डिपर’ अशी ही चार घरे आहेत. नावे इंग्रजी असली तरी डॉक्टरांच्या अहवालात तीच आढळतात, म्हणून येथेही ती तशीच ठेवली आहेत.

हे ज्ञान तसे अलीकडचे. इटलीतील रीवा-रोची यांनी दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या स्तंभावर दाब मोजण्याची रीत १८९६ मध्ये मांडली आणि १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने धमनीतील आवाज ऐकून वरचा व खालचा आकडा ठरवण्याची पद्धत दिली. त्यानंतर कित्येक दशके रक्तदाब म्हणजे दवाखान्यात, दिवसा, खुर्चीवर बसून घेतलेला आकडा, एवढाच अर्थ होता. झोपेत काय घडते, ते प्रथम नीट दिसले ऑक्सफर्डमध्ये. तेथील संशोधकांनी हाताच्या धमनीत बारीक नळी बसवून आणि अंगावर वागवता येईल असा नोंदयंत्राचा संच देऊन माणसांना नेहमीच्या व्यवहारात मोकळे सोडले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींत झोपेतील घसरण स्पष्ट दिसली. पुढे पट्टा ठरावीक वेळाने आपोआप फुगवणारी यंत्रे आली आणि धमनीत नळी घालण्याची गरज राहिली नाही. ‘डिपर’ आणि ‘नॉन-डिपर’ ही नावे १९८८ मध्ये डब्लिनच्या ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातील एका छोट्या टिपणातून रूढ केली. ज्यांचा दाब रात्री उतरत नाही, त्यांच्यात पक्षाघाताचा इतिहास अधिक आढळतो, असे त्या टिपणाचे सांगणे होते.

या निरीक्षणाला पुढे बळकटी मिळाली. जपानमधील ओहासामा या ग्रामीण भागात चाळिशीपुढील सुमारे दीड हजार रहिवाशांच्या चोवीस तासांच्या नोंदी घेऊन त्यांचा अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. रात्रीचा उतार प्रत्येक ५ टक्क्यांनी कमी झाला की हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू येण्याची जोखीम सुमारे २० टक्क्यांनी वाढते, असे २००२ मध्ये त्यातून पुढे आले. विशेष म्हणजे ज्यांचा चोवीस तासांचा सरासरी दाब वाढलेला नव्हता, त्यांनाही हे लागू होते. डब्लिनमध्ये ५,२९२ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. वरचा आकडा १० ने वाढल्यास अशा मृत्यूची जोखीम दिवसाच्या दाबासाठी १२ टक्क्यांनी, तर रात्रीच्या दाबासाठी २१ टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यात आढळले. दवाखान्यातील आकड्यापेक्षा झोपेतील आकडा पुढचे अधिक सांगतो, हे तज्ज्ञ आता सहसा मान्य करतात. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार दवाखान्यात १४०/९०, घरी किंवा जागेपणीच्या सरासरीत १३५/८५ आणि झोपेतील सरासरीत १२०/७० या मर्यादा आहेत. त्यापुढे उच्च रक्तदाब धरला जातो.

वय वाढते तसा हा रात्रीचा उतार अनेकांत पुसट होत जातो. धमन्या ताठर होतात. मानेतील आणि छातीतील मोठ्या धमन्यांच्या भिंतीत दाबाची खबर ठेवणारी जी संवेदनकेंद्रे असतात, ती मंदावतात. मधुमेह जुना असेल किंवा कंपवात असेल तर स्वायत्त मज्जातंतूंचे नियंत्रण सुटते आणि एक विचित्र चित्र दिसते: उभे राहिले की दाब कोसळतो, आडवे झाले की वर जातो. अशा रुग्णाचा रात्रीचा आकडा घाबरवणारा असतो आणि सकाळी उठतानाचा त्याहूनही अधिक, पण उलट दिशेने. मूत्रपिंडाचा जुना विकार, हृदय अशक्त होणे, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार ही आणखी काही कारणे. मोठ्याने घोरणाऱ्या आणि मध्येच श्वास थांबणाऱ्या माणसाच्या रक्तातील प्राणवायू रात्रभर पुन्हा पुन्हा खाली जातो, मेंदू त्याला अर्धवट जागे करतो आणि प्रत्येक वेळी दाब उसळी घेतो. घरच्यांना घोरण्याची सवय झालेली असते, त्यामुळे ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायची असते, हेच कुणाच्या लक्षात येत नाही.

मिठाचा वाटा मात्र वेगळा सांगावा लागतो, कारण तो आपल्या पानातला आहे. मूत्रपिंडाला दिवसभरात सगळे मीठ बाहेर टाकता आले नाही, तर उरलेले काम ते रात्री करते आणि त्यासाठी त्याला वाढीव दाब लागतो. म्हणजे रात्रीचा दाब न उतरणे ही काही वेळा शरीराने मीठ काढण्यासाठी केलेली तडजोड असते. जपानमधील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की मीठ कमी केल्यावर काही नॉन-डिपर रुग्णांचा रात्रीचा उतार परत येतो. लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गटातील गोळ्यांनीही तसाच परिणाम होतो, हे त्यांनीच पुढे सिद्ध केले. गोव्यातील पेजेसोबतचे खारे, सुके बांगडे, आमलीचे किंवा मिरचीचे लोणचे, पापड यांत मीठ किती असते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. पण रुग्णालयात मीठ दुसऱ्याही वाटेने शरीरात जाते. नेहमीच्या सलाइनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ खाण्यास सांगते. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या चढल्या म्हणजे जवळजवळ दोन दिवसांचे मीठ शिरेतून गेले. अतिसार किंवा ताप यांनी शरीर कोरडे पडलेल्या रुग्णाला त्या बाटल्या जीवदान देतात, यात शंका नाही. ‘अशक्तपणा आहे, एक सलाइन लावा’ असा आग्रह नातेवाईकच धरतात, तेव्हा मात्र हा हिशेब ध्यानात ठेवलेला बरा.

रुग्णालय ही झोपेची जागा नव्हे, हे तेथे एक रात्र काढलेला कोणीही सांगेल. दिवे, शेजारच्या खाटेवरचे कण्हणे, ऑक्सिजन यंत्राची शिट्टी, पहाटे चारला रक्त घ्यायला आलेला तंत्रज्ञ. रात्रीच्या वेळी कक्षातील आवाजाची पातळी सरासरी ३० डेसिबलच्या पुढे जाऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. कुजबुजही साधारण तेवढ्याच आवाजाची असते. जी झोप लागलेलीच नाही, तिच्यातील उतार कुठून दिसणार? त्यात वेदना, तुंबलेली लघवी, भीती, स्टेरॉइड, सांधेदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्या यांची भर पडते. घरी नियमित चालू असलेले औषध दाखल होताना सुटले असेल, तर तेही कारण असते. रात्री अचानक गोंधळून बडबडू लागणे आणि नळ्या ओढणे, हा ज्येष्ठांमधील मतिभ्रमाचा प्रकार तर दाबाला हमखास वर नेतो. अशा वेळी दाब हा रोग नसून लक्षण असते. तुंबलेले मूत्राशय मोकळे केल्यावर किंवा वेदना शमवल्यावर आकडा आपोआप खाली येतो.

येथे आणखी एक फसगत होते, जिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. उतार म्हणजे दिवसाच्या आणि रात्रीच्या सरासरीची तुलना. रुग्णालयातील ज्येष्ठ माणूस दिवसभर पडून असतो, अधूनमधून डुलक्या घेतो, चालत नाही. त्यामुळे त्याचा दिवसाचा दाबच वर जात नाही. शिवाय अनेक ज्येष्ठांमध्ये दुपारच्या जेवणानंतर तास-दोन तासांत दाब २० ने किंवा अधिक घसरतो. समजा, एखाद्या आजींची दिवसाची सरासरी ११८ आणि रात्रीची ११४ आली. गणिताने उतार ३ टक्के, म्हणजे त्या नॉन-डिपर ठरल्या. पण रात्रीचे ११४ हे १२० च्या मर्यादेच्या आतच आहेत. बिघडला आहे तो दिवस, रात्र नव्हे. याउलट दिवसा १५० आणि रात्री १६२ असणाऱ्या शेजारच्या रुग्णाची गोष्ट खरोखर गंभीर आहे. नाव जवळपास सारखे, अर्थ अगदी वेगळा. माझ्या मते ज्येष्ठ रुग्णाच्या बाबतीत टक्क्यांच्या घरापेक्षा झोपेतील प्रत्यक्ष सरासरी आणि उभे राहिल्यावरचा आकडा, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात.

मोजण्याच्या चुकाही रात्री वाढतात. माणूस कुशीवर झोपलेला असताना वरच्या बाजूच्या दंडावर पट्टा असेल, तर तो दंड हृदयापेक्षा उंचावर असतो. अशा प्रत्येक १० सेंटिमीटर उंचीमागे आकडा सुमारे ७ ते ८ ने कमी दिसतो. लहान पट्टा जाड दंडावर बांधला तर आकडा खोटा वाढतो. नाडी अनियमित असणाऱ्या रुग्णात स्वयंचलित यंत्राचे दोन लागोपाठचे आकडेही जुळत नाहीत. म्हणूनच एका रात्रीच्या दोन-तीन सुट्या नोंदींवरून ‘रात्री दाब चढतो’ असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी चोवीस तासांची नोंद घेणारे, कमरेला लावायचे यंत्र वापरावे लागते. ते दिवसा १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री ३० ते ६० मिनिटांनी दाब मोजते. जागेपणाच्या किमान २० आणि झोपेतील किमान ७ नोंदी नीट मिळाल्या, तरच अहवाल ग्राह्य धरला जातो. रुग्ण कधी झोपला आणि कधी उठला, ही वेळ लिहून ठेवणे नातेवाइकांच्या हाती असते. यंत्र रात्र दहाला सुरू झाली असे मानत असेल आणि आजोबा मात्र दीड वाजेपर्यंत टक्क जागे असतील, तर सगळा हिशेब चुकतो. आजार ओसरून रुग्ण घरी स्थिरावल्यावर ही चाचणी केली, तर तिचा उपयोग अधिक होतो.

दाब फार उतरणे हेही निरुपद्रवी नसते. जपानमधील कारिओ यांनी १९९६ मध्ये वृद्ध रुग्णांच्या मेंदूची चित्रे तपासली, तेव्हा नॉन-डिपरांप्रमाणेच ज्यांचा दाब रात्री २० टक्क्यांहून अधिक घसरतो, त्यांच्याही मेंदूत कोणतेही लक्षण न दाखवता होऊन गेलेल्या लहान पक्षाघातांच्या खुणा अधिक आढळल्या. डोळ्यांचेही तसेच. पंजाबात जन्मलेले आणि अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात दीर्घकाळ संशोधन केलेले नेत्रतज्ज्ञ डॉ. सोहनसिंग हायरे यांनी १९९४ मध्ये दाखवले, की रात्री दाब फार खाली गेल्यास दृष्टीच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा धोक्यात येऊ शकतो. काही रुग्णांना सकाळी उठल्यावर एका डोळ्याने अंधुक दिसू लागते, त्यामागे हे एक कारण असू शकते. काचबिंदू असलेल्या ज्येष्ठाला झोपताना रक्तदाबाची जादा गोळी देण्याआधी म्हणूनच विचार करावा लागतो.

गोळी सकाळी घ्यावी की रात्री, हा वाद गेली काही वर्षे गाजला. स्पेनमधील १९ हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘हिजिया’ या अभ्यासाने २०१९ मध्ये रात्री गोळी घेण्याचे फार मोठे फायदे सांगितले. ते इतके मोठे होते, की अनेक तज्ज्ञांनी त्याच्या पद्धतीवरच प्रश्न उपस्थित केले. त्यानंतर २०२२ मध्ये ब्रिटनमधील ‘टाइम’ या चाचणीचे निष्कर्ष आले. २१,१०४ रुग्णांचा सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ मागोवा घेऊनही हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा त्यामुळे होणारा मृत्यू यांत सकाळ आणि संध्याकाळ असा फरक आढळला नाही. कॅनडातील ‘बेडमेड’ या चाचणीने आणि शुश्रूषागृहांतील दुर्बल वृद्धांवर केलेल्या तिच्या जोडचाचणीनेही तेच सांगितले. त्यामुळे जी वेळ विसरली जाणार नाही, ती योग्य, असे आता बहुतेक डॉक्टर सांगतात. अम्लोडिपिनसारख्या औषधाचा अंमल तर दीड-दोन दिवस रेंगाळतो, तिथे वेळेचा काथ्याकूट करण्यात अर्थ नाही. अपवाद आहे लघवीच्या गोळीचा. ती रात्री घेतली तर झोपेचे खोबरे होते आणि अंधारात उठण्याच्या फेऱ्या वाढतात.

मूळ प्रश्न उरतो, रुग्णालयातील त्या १७० चे काय करायचे? छातीत दुखणे, धाप, बोबडी वळणे, एका बाजूची शक्ती जाणे, तीव्र डोकेदुखी किंवा दृष्टी जाणे यांपैकी काही असेल तर ती आणीबाणी आहे आणि तेथे मिनिटांना किंमत आहे. यांपैकी काहीच नसेल तर घाई अपायकारक ठरते. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची पद्धत एकेकाळी सर्रास होती. दाब पाहता पाहता उतरे, सर्वांना हायसे वाटे. पण तो इतक्या वेगाने कोसळे, की त्यातूनच पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आल्याच्या नोंदी साठत गेल्या. १९९६ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातून ही पद्धत थांबवण्याची हाक दिली गेली. आजही कोणी नातेवाईक ‘ती जिभेखालची गोळी द्या ना’ म्हणतो, तेव्हा नकार देणारे डॉक्टर निष्काळजी नसतात.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून मिळालेली माहिती याहून बोलकी आहे. हृदयाशी संबंध नसलेल्या आजारांसाठी दाखल झालेल्या ज्येष्ठांपैकी १४ टक्के रुग्णांची रक्तदाबाची औषधे घरी सोडताना वाढवली गेली होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणांचा दाब दाखल होण्यापूर्वी आटोक्यात होता. हे २०१८ मधले. पुढच्याच वर्षी त्याच गटाने दाखवले, की औषधे वाढवलेल्यांना महिन्याभरात पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे आणि गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण अधिक होते आणि वर्षाअखेर दाबही इतरांपेक्षा चांगला नव्हता. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनाचा रोखही तोच आहे: लक्षणे नसतील तर आधी कारण शोधा, पुन्हा मोजा, घरचे औषध सुटले आहे का पाहा आणि फार पुढची पायरी घाईने चढू नका. मात्र रात्रीचा वाढलेला आकडा विसरून जावा, असा याचा अर्थ नव्हे. तो घरी जाताना दिल्या जाणाऱ्या कागदावर लिहिला गेला पाहिजे, म्हणजे पुढे नेहमीचे डॉक्टर त्याचा माग घेतील.

आपल्या राज्याला हा विषय दूरचा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढील लोकांचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर गोव्यात ते ११.२ टक्के होते. मुले परदेशी किंवा जहाजावर आणि घरात दोघेच म्हातारे, अशी घरे वाड्यावाड्यांत आहेत. रुग्णालयातून परतल्यावर त्यांचा रक्तदाब कोण मोजणार, हा येथील खरा प्रश्न आहे. दंडाला बांधायचे स्वयंचलित यंत्र त्यासाठी पुरेसे आहे. सकाळी व संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसल्यावर, पाठ टेकवून, दोन-दोन नोंदी, असा एक आठवडा वहीत लिहिला तर डॉक्टरांना त्यातून पुष्कळ कळते. त्यात आडवे असताना आणि उभे राहून एक व तीन मिनिटांनी घेतलेल्या नोंदींची भर घालावी. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरत असेल, तर औषध वाढवण्याआधी डॉक्टरांना ते कळणे आवश्यक आहे.

ज्यांचा दाब आडवे झाल्यावर चढतो आणि उठल्यावर कोसळतो, त्यांच्यासाठी उपाय पुष्कळदा औषधाबाहेरचे असतात. दिवसा सपाट पडून राहणे टाळावे, खुर्चीत बसावे. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करावी. नुसत्या उशा वाढवून मान वाकते, काम होत नाही, पायांखाली लाकडी ठोकळे द्यावे लागतात. दिवसा पावलांवर साचलेली सूज रात्री आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि त्यामुळे रात्री लघवीच्या फेऱ्या वाढतात. यासाठी दुपारी तासभर पाय उंचावर ठेवून खुर्चीत बसणे उपयोगी पडते. आणि रात्री उठायचेच झाले तर आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटे बसावे, पावले हलवावीत, मग आधार धरून उभे राहावे. न्हाणीघर मागच्या पडवीत, दोन पायऱ्या उतरून असेल, तर खाटेजवळच लघवीचे भांडे आणि रात्रभर तेवणारा छोटा दिवा ठेवावा.